चित्रपटातील स्मरणीय वाद्यसंगीत : भीमा-नीरा खोऱ्यातील श्रवणपरंपरेच्या संदर्भात

प्रास्ताविक

बारामतीचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रथम येते ते मोरोपंतांमुळे. पन्हाळ्यावर जन्मलेल्या या कवीने (१७२९-१७९४) बारामतीस वास्तव्य करून आर्या रचल्या आणि या गावाला शब्दाची प्रतिष्ठा मिळवून दिली. शब्दाची ही परंपरा ग्रंथांतून जतन झाली. त्याच परिसरात नांदणारी शब्दाविण ध्वनीची परंपरा मात्र ग्रंथांत फारशी उतरली नाही. काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस पालखीचे गोल रिंगण होते. त्या वेळी हजारो कानांवर पडणारा टाळ-मृदंगांचा नाद, धनगरांच्या गजीनृत्यातील मोठ्या ढोलाचा व कैताळाचा घुमारा, कुस्तीच्या फडात मल्लाची नस ताठ करणारी हलगी, लग्नमांडवातील सनई-चौघडा हे सर्व बारामती व इंदापूर तालुक्यांतील माणसाच्या श्रवणसंस्काराचे घटक होत. चित्रपटगृहात जाऊन बसणारा या भागातील प्रेक्षक हे कान घेऊनच जातो.

चित्रपटसंगीताचा अभ्यास आपल्याकडे बहुधा गीतकेंद्री राहिला आहे. गीतकार, गायक आणि संगीतकार या त्रयीभोवतीच चर्चा फिरते. तथापि प्रेक्षकाच्या स्मृतीत दीर्घकाळ राहणाऱ्या अनेक गोष्टी शब्दरहित असतात : एखादी बासरीची लकेर, एखादी माउथ ऑर्गनची धून, व्हायोलिनसमूहाची एकच लाट. प्रस्तुत लेखात या वाद्यसंगीताच्या स्मरणीयतेचा विचार केला आहे. वाद्यसंगीत केवळ गोड आहे म्हणून लक्षात राहत नाही. तो ध्वनी कथेत कोणाचा आहे हे निश्चित झाले, आणि तो कोठे थांबतो हे दिग्दर्शकाला उमगले, म्हणजेच तो स्मृतीत रुजतो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

वाद्यसंगीताचे तीन प्रकार

चित्रपटातील शब्दरहित संगीत साधारणतः तीन ठिकाणी आढळते. पहिले, गीताच्या आरंभी व कडव्यांच्या दरम्यान येणारे वाद्यखंड. दुसरे, प्रसंगाच्या मागे वाजणारे पार्श्वसंगीत. हे प्रेक्षकास ऐकू येते, पात्रांस नाही. तिसरे, कथेच्या आतच उमटणारे संगीत. ते पात्र स्वतः वाजवते, किंवा त्याच्या परिसरात ते वाजत असते. या तिन्हींमधील सीमारेषा नेहमीच स्पष्ट नसते. पात्राने वाजवलेली धून पुढे त्याच्या अनुपस्थितीत पार्श्वसंगीतातून ऐकू येऊ लागली, की तीच त्या पात्राची खूण बनते. चित्रपटातील थीम म्हणतात ती बहुधा अशीच घडते.

पार्श्वसंगीत ही स्वतंत्र निर्मिती आहे याची अधिकृत दखल आपल्या देशात उशिरा घेतली गेली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाच्या पुरस्काराची गीते व पार्श्वसंगीत अशी नियमित विभागणी झाली ती २००९ या वर्षाच्या चित्रपटांपासून. त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार ‘केरळ वर्मा पळशी राजा’ या मल्याळम चित्रपटासाठी इलयाराजा यांना मिळाला. भारतीय बोलपटाचा आरंभ १९३१ चा. म्हणजे या कलेला नियमित स्वतंत्र स्थान मिळण्यास जवळजवळ आठ दशके लागली.

आवाज कोणाचा? : काही उदाहरणे

‘नागिन’ (१९५४) या चित्रपटातील पुंगीची धून या दृष्टीने उद्बोधक आहे. हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ध्वनिमुद्रित झालेल्या या धुनेत प्रत्यक्ष गारुड्याची पुंगी नाही. कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवलेले क्लॅव्हायोलिन हे विजेवर चालणारे स्वरपट्टीचे वाद्य आणि रवी यांची हार्मोनियम यांच्या मिलाफातून तो नाद तयार झाला. श्रोत्यांनी मात्र तो पुंगीचाच मानला. आजही लग्नाच्या वरातीत बेंजोवर ही धून सुरू झाली, की रुमालाची पुंगी करून एक जण गारुडी होतो व दुसरा जमिनीवर नाग होऊन डोलू लागतो. मूळ चित्रपट न पाहिलेल्या पिढीलाही ही धून ठाऊक आहे. वाद्यसंगीत चित्रपटापासून सुटून लोकव्यवहारात कसे मिसळते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्याचबरोबर येथे एक विसंगतीही दिसते. ज्यांच्या हातचे वाद्य म्हणून ही धून ओळखली जाते, तो गारुडी समाज तिच्या निर्मितीत कोठेच नाही.

‘गूंज उठी शहनाई’ (१९५९) या चित्रपटाची दिशा याउलट आहे. नायकच सनईवादक असल्यामुळे सनई ही येथे मंगलप्रसंगाची निव्वळ सूचना राहत नाही, ती नायकाची वाणी होते. संगीतकार वसंत देसाई यांनी त्यासाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना पाचारण केले. तत्पूर्वी व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटासाठी तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर देसाई यांनीच वापरले होते. कोकणातून आलेल्या या मराठी संगीतकाराने वाद्याला त्याच्या अस्सल वादकासह पडद्यावर आणण्याचा आग्रह धरला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

तिसरे उदाहरण ‘शोले’ (१९७५) मधील. संध्याकाळी हवेलीतील दिवे मालवीत जाणारी विधवा राधा आणि ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवणारा जय, एवढाच तो प्रसंग. दोघांमध्ये संवाद नाही. जे समाजाला मान्य होणार नाही व दोघांच्याही तोंडून निघणार नाही, ते सर्व त्या छोट्याशा वाद्यातून व्यक्त होते. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतासाठी हे वाद्य प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवले. धून साधी आहे, तिच्यात तांत्रिक चमत्कृती नाही. तरीही ती टिकली, कारण ती एका विशिष्ट माणसाची, एका विशिष्ट ओसरीवरची आहे. कथा पुढे सरकल्यावर ती पुन्हा आठवली तरी तो न बोललेला संवाद आठवतो.

या तिन्ही उदाहरणांतून असे दिसून येते की, वाद्याचा नाद व कथेतील माणूस यांची सांगड जितकी घट्ट, तितकी धून दीर्घायुषी होते.

पडद्यामागील हात

ही धून कागदावर व फितीवर उतरवणाऱ्या वादकांचा विचार केल्यावाचून विषय पूर्ण होत नाही. बोलपटांच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मोठे वाद्यवृंद उभे राहिले. त्यांतील अनेक वादक गोमंतकीय ख्रिस्ती होते. चर्चशी संलग्न शाळांतून त्यांना पाश्चात्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळाले होते. संगीतकार चाल गाऊन वा पेटीवर वाजवून दाखवी. ती स्वरलेखनात उतरवणे, व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट अशा प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र पाने लिहून काढणे आणि मधले वाद्यखंड रचणे हे काम संयोजक करीत असे. शंकर-जयकिशन यांच्या ध्वनिमुद्रणांत सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम दीर्घकाळ केले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक होते. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील नायकाच्या नावाच्या गाण्यातून प्यारेलाल यांनी गुरूचे नाव घरोघरी पोहोचवले. परंतु ते नाव उच्चारणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांना ते एका खऱ्या संगीतज्ञाचे आहे हे माहीत नव्हते.

श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई. संयोजकाचे क्वचित येई, वादकांचे बहुधा येतच नसे. १९९० च्या दशकात संगणक व सिंथेसायझर यांमुळे मोठ्या वाद्यवृंदांची गरज घटली आणि ही पिढी स्टुडिओबाहेर पडली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन २००८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अनेकांची नावे प्रथमच अभ्यासकांसमोर आली. आवाज सर्वांच्या परिचयाचा आणि हात मात्र अपरिचित, ही स्थिती चित्रपटसृष्टीपुरती मर्यादित नाही. गावगाड्यातील वादकाच्या वाट्यालाही तीच आली. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण हलगी हे आहे.

हलगी : नाद आणि ओझे

कड्यावर एका बाजूने चामडे ताणून बसवलेले हे वाद्य. वाजवण्यापूर्वी ते जाळावर शेकून घ्यावे लागते, तेव्हा चामडे ताठ होते व आवाज खणखणीत निघतो. एका हातातील जाड व दुसऱ्या हातातील बारीक अशा दोन काड्यांच्या आघातांतून त्याचे बोल उमटतात. भीमेच्या दोन्ही काठांवर जत्रा, छबिना, कुस्तीचा फड, दवंडी, लग्न आणि अंत्ययात्रा यांपैकी काहीही हलगीवाचून होत नसे. परंतु वाजवणारा हात कोणत्या जातीचा असावा हे ठरलेले होते. हे काम प्रामुख्याने मातंग व अन्य दलित समाजांकडे होते. चामड्याला अस्पृश्य मानणारा गाव त्याच चामड्याच्या तालावर देवाची पालखी नाचवीत होता. आंबेडकरी जागृतीनंतर अनेकांनी असली परंपरागत कामे जाणीवपूर्वक सोडली. कला सोडण्याचे हे दुःख आणि अपमानातून मुक्त होण्याचे हे समाधान एकाच कृतीत सामावले होते. हलगीच्या नादात म्हणूनच उत्सव आणि ओझे ही दोन्ही आहेत.

मराठी चित्रपटाने लोकवाद्ये पूर्वीपासून वापरली. वसंत पवार यांचे संगीत असलेला ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि राम कदम यांचे संगीत असलेला ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी तमाशाची ढोलकी व तुणतुणे शहरी प्रेक्षकांच्या कानी घातले. अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘जोगवा’ या चित्रपटात देवीच्या उपासकांच्या चौंडक्याचा नाद आहे. ‘नटरंग’ (२०१०) मध्ये फडाच्या तालाला नव्या ध्वनिमुद्रणाची भव्यता लाभली. मात्र पुष्कळ ग्रामीण चित्रपटांत लोकवाद्य हे वातावरणनिर्मितीचे साधन असते. ढोलकी वाजली की तमाशा, हलगी वाजली की जत्रा, एवढाच संकेत. ते वाजवणारा माणूस कथेच्या कडेला राहतो.

भीमेच्या पलीकडून आलेले दोन चित्रपट

उजनी धरणाच्या फुगवट्याने इंदापूर व करमाळा हे दोन तालुके समोरासमोर आणले आहेत. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर जिल्हा; मध्ये भीमेचे पाणी. ऊस, बोली, जत्रा आणि वाद्ये यांत फारसा भेद नाही. या पलीकडच्या काठावरील जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. त्यांचे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) हे चित्रपट इंदापूर-बारामतीच्या प्रेक्षकाला परके वाटत नाहीत ते यामुळेच. वाद्यसंगीताच्या दृष्टीने या दोन चित्रपटांनी दोन भिन्न मार्ग स्वीकारले आहेत.

‘फँड्री’मधील जब्या हा डुकरे पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलगा. ही भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातील केम गावचा, मुळात हलगी वाजवणारा. या अभिनयासाठी त्यास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावच्या जत्रेत नाचण्यात रंगून गेलेल्या जब्याच्या डोक्यावर गॅसबत्ती दिली जाते, तेव्हा तालाचे स्वरूपच पालटते. क्षणापूर्वी ताल सर्वांचा होता. आता नाचणारे वेगळे आणि उजेड वाहणारा वेगळा. वाद्य बदललेले नाही, लयही बदललेली नाही. बदलले आहे ते त्या मुलाचे स्थान. आलोकनंदा दासगुप्ता यांचे पार्श्वसंगीत संयत आहे. ते प्रेक्षकाला रडण्याचा आदेश देत नाही. डुक्कर पकडण्याच्या प्रसंगी शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. येथे संगीत कथेच्या आतूनच येते, आणि नागरिकत्वाचा मान व जातीचे काम यांतील अंतर एकाही भाष्याविना दाखवून जाते.

‘सैराट’ने अजय-अतुल यांच्या संगीताद्वारे नेमकी उलट वाट धरली. त्याच्या गीतांसाठी लॉस एंजेलिस येथील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. उसाचे फड, विहीर व धरणाचे पाणी यांच्या मागे व्हायोलिनसमूहाचे भव्य स्वर वाहू लागतात. वरवर पाहता ही विसंगती आहे. गावाकडील कोवळ्या प्रेमाशी परदेशी वाद्यवृंदाचा संबंध काय, असा प्रश्न विचारता येईल. परंतु परश्या व आर्ची यांना त्या वयात स्वतःचे प्रेम जेवढे विराट वाटते, तेवढाच विराट नाद त्यांना दिलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या असा भव्य नाद चित्रपटांत राजवाडे, युद्धे व परदेशी स्थळे यांच्या वाट्याला आला होता. येथे तो कोळ्याच्या पोराच्या स्वप्नासाठी वाजतो. वरातीतील पथकाच्या धाटणीचे ‘झिंगाट’ त्याच चित्रपटात सहज नांदते, हेही महत्त्वाचे.

चारही गीते पूर्वार्धात संपतात. पळून गेलेले हे दोघे परक्या शहराच्या झोपडपट्टीत पोहोचतात आणि वाद्यवृंद मागे सरतो. अखेरच्या दृश्यात तर काहीच उरत नाही. लहान मूल रक्ताची पावले उमटवीत दाराबाहेर येते आणि पडद्यावर पूर्ण शांतता असते. पूर्वार्धातील स्वरांची भव्यता नसती, तर ही शांतता एवढी भेदक झाली नसती. प्रेक्षकाचा कान त्या वाद्यांची वाट पाहत राहतो आणि ती येत नाहीत.

मौनाची पूर्वपरंपरा

संगीत थांबवण्याचे हे सामर्थ्य मराठी चित्रपटाला नवे नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट पार्श्वसंगीताविना केलेला होता. केशवराव भोळे यांच्यासारखा मर्मज्ञ संगीतकार हाताशी असताना हा निर्णय घेण्यात आला, हे विशेष. वृद्धाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेच्या आयुष्यातील कोंडमारा सांगण्यासाठी घरातील व परिसरातील आवाजच पुरेसे मानले गेले. भिंतीवरील जुने घड्याळ हेच तेथे वाद्य झाले. मेलोड्रामाच्या त्या काळात करुण प्रसंगी व्हायोलिन न वाजवणे हे धाडस होते.

‘कुंकू’ आणि ‘सैराट’ यांमध्ये एकोणऐंशी वर्षांचे अंतर आहे. दोन्हींच्या केंद्रस्थानी विवाहासंबंधी समाजाने चालवलेली सक्ती आहे. एकात लादलेला विवाह, दुसऱ्यात नाकारलेला. दोन्ही चित्रपटांना आपले सर्वांत कठोर विधान करताना संगीत दूर सारावेसे वाटले. पार्श्वसंगीत हे अनेकदा सांत्वन असते. प्रसंग कितीही क्रूर असला तरी सूर त्याला सुसह्य करतात. जे सुसह्य होऊ नये, तेथे सूर थांबवणे हाही संगीतविचारच होय.

अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाला व्यावहारिक बाजूही आहे. मराठी, समाजशास्त्र, इतिहास व संगीत या विषयांच्या वर्गांत एखादा प्रसंग प्रथम आवाज बंद करून व नंतर आवाजासह दाखवल्यास विद्यार्थ्यांना पार्श्वसंगीताचे कार्य व्याख्येवाचून उमगते. ‘हा आवाज कोणाचा?’ आणि ‘तो येथेच का थांबला?’ हे दोन प्रश्न चर्चेस पुरेसे ठरतात.

दुसरे काम क्षेत्रीय अभ्यासाचे आहे. बारामती-इंदापूर परिसरात हलगी, सनई, गजीढोल, बँड व बेंजो वाजवणाऱ्या वादकांकडे अलिखित ज्ञान आहे. चित्रपटगीते वरातीत शब्दांवाचून वाजवली जातात, तेव्हा वादक गायकाच्या हरकती वाद्यावर कशा आणतो, कोणता भाग वगळतो, कोठे ताल वाढवतो, हे सर्व त्या वादकालाच माहीत असते. विद्यार्थ्यांनी अशा वादकांची नावे, शिकवण, वाद्यनिर्मितीची पद्धत आणि त्यांचे अनुभव त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केल्यास पुढील अभ्यासकांस मूळ साधने उपलब्ध होतील. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांची बाजूही तितक्याच आदराने नोंदवली पाहिजे. अन्यथा कलेच्या संवर्धनाच्या नावाखाली जुनेच ओझे पुन्हा त्याच खांद्यावर देण्याचा दोष पत्करावा लागेल.

समारोप

चित्रपटातील वाद्यसंगीताची स्मरणीयता ही स्वररचनेच्या गुणवत्तेवर अवलंबून असतेच. परंतु ती तेवढ्यावरच संपत नाही. ‘नागिन’ची धून लोकव्यवहाराने जिवंत ठेवली, ‘शोले’मधील माउथ ऑर्गन एका अव्यक्त नात्यामुळे टिकला, ‘फँड्री’तील तालाने मुलाचे समाजातील स्थान उघडे केले आणि ‘सैराट’मधील वाद्यवृंद त्याच्या अखेरच्या अनुपस्थितीमुळे अधिक लक्षात राहिला. प्रत्येक ठिकाणी नादामागे एक माणूस आहे, कथेतील आणि कथेबाहेरचाही. कथेतील माणूस प्रेक्षकाने ओळखला. कथेबाहेरचा, म्हणजे वाजवणारा, अद्याप पुरेसा ओळखला गेलेला नाही. मोरोपंतांच्या आर्यांची पोथी ज्या आस्थेने जपली गेली, त्याच आस्थेने या परिसरातील वादकांची नावे नोंदवली गेली, तर शब्दाच्या शेजारी नांदलेल्या नादालाही त्याचे स्थान प्राप्त होईल.